जवळ आणलेलं चर्च

दुबईतल्या एखाद्या मॉलमध्ये फिरताना तुम्ही माझं काम नक्की पाहिलं असणार. मोठं टेबल, त्यावर काच, काचेखाली कंबरेएवढे टॉवर, नखाएवढ्या गाड्या, खोट्या समुद्राचं निळंशार पाणी आणि खिडक्याखिडक्यांत दिवे. तुम्ही बघता बघता हात पुढे केला असेल, तर सूट घातलेला एक तरुण "सर, प्लीज, नो टचिंग" म्हणत लगबगीने आलाही असेल. ती टेबलं आम्ही करायचो. बिल्डर ब्रोशरमध्ये ज्याला स्वप्न म्हणतो, ते आम्ही अल कुसैसच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये प्लायवूड, ऍक्रिलिक आणि गोंद वापरून उभं करायचो. माझा नवरा प्रकाश याचं वर्णन जास्त थोडक्यात करतो. "माझी बायको साठीला आली तरी भातुकली खेळते," असं तो पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे हसतात. मीही हसते, कारण आमच्या अल बर्शातल्या घराचे हप्ते त्या भातुकलीनेच फेडले आहेत.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा मी एकच अट घातली. बायोडेटा लिहिणार नाही. मी कुठे शिकले, कधी आले, कोणाच्या हाताखाली होते, यात कुणाला गोडी वाटेल असं मला वाटत नाही. इतकंच सांगते की मी चिंचवडला कंपनीच्या वसाहतीत वाढले. सरळ रस्ते, एकसारख्या इमारती, इमारतींना नंबर. मे महिन्यात बाकीची मुलं गावाला जायची आणि आम्ही वसाहतीतच खेळायचो, कारण आम्हाला गाव नव्हतं. पुढे जन्मभर मी ज्या सरळ रेषा कापल्या, त्यांचं मूळ बहुधा तिथेच असावं.

आमच्या धंद्याचं मर्म आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. मॉडेल म्हणजे फोटो नव्हे. टेबलाला कडा असते आणि गिऱ्हाइकाला हव्या असलेल्या गोष्टी नेमक्या कडेपलीकडे असतात. मेट्रो स्टेशन, समुद्र, मॉल, शाळा. मग त्या जरा आत ओढून घ्यायच्या. खोटं बोलायचं नाही, फक्त खऱ्याला थोडं सरकवायचं. आमच्या शेडमध्ये याला अरबी-हिंदी नावच पडलं होतं, "यल्ला खेचो", म्हणजे चला, ओढा. बिल्डरच्या माणसाने टेबलाभोवती एक चक्कर मारून भुवया उंचावल्या की मी म्हणायची, "बिजू, मेट्रो यल्ला खेचो," आणि बिजू स्टेशन उचलून वीतभर अलीकडे चिकटवायचा. इतक्या वर्षांत एकाही माणसाने "समुद्र इतका जवळ कसा?" म्हणून तक्रार केली नाही.

बिजू कोल्लमचा. कापण्या-कोरण्याची सगळी मशीनं त्याच्या ताब्यात. रोवेना फिलिपिन्सची. रंग, झाडं, माती, पाणी हे तिचं खातं. मी नकाशे वाचायची, मापं काढायची आणि ओरडायची. तिघांत मिळून एक बरा कारागीर होत होता, असं मी म्हणते. बिजू म्हणतो, दोन होत होते.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. एका बाईंनी स्वतःच्या बाल्कनीत स्वतःचा नखाएवढा पुतळा मागितला होता, लाल साडीत. एका बिल्डरला वाळवंटाच्या टेबलावर धबधबा हवा होता आणि तो पुढे प्रत्यक्षातही बांधावा लागला, कारण लोक विचारायला लागले. पण मला आठवतात ते अल कुसैसमध्येच राहणारे एक मराठी गृहस्थ. त्यांनी समुद्राकडच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर फ्लॅट बुक केला होता. दर सुट्टीला ते कोणाला तरी घेऊन शोरूममध्ये जायचे आणि काचेतून बोट दाखवायचे, "ती कोपऱ्यातली खिडकी आमची." मग मंदी आली. टॉवरच्या जागी खड्डा राहिला. बिल्डरने मॉडेल परत पाठवलं, कारण विक्री संपली किंवा बुडाली की टेबल मोडून टाकायचं, हा आमच्याकडचा रिवाज. ते गृहस्थ शेडवर आले आणि चाचरत म्हणाले, "मॅडम, तेवढा कोपरा कापून मिळेल का?" मिळाला. अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे. त्यांचा मुलगा इथेच वाढलेला, तो म्हणाला, "ऍट लीस्ट इट्स सी-फेसिंग, बाबा." बाबाही हसले, पण नंतर.

तर आमची कामं जपली जात नाहीत. खरी इमारत उभी राहिली की खोटी कचऱ्यात जाते. मला त्याचं वाईट वाटायचं आणि ते मी बोलून दाखवायची नाही. एक टेबल मात्र मोडलं गेलं नाही. त्याचीच गोष्ट सांगायला बसले आहे.

एका सकाळी हेलन पेल नावाची बाई शेडवर आली. फिजिओथेरपिस्ट, राहायला आमच्याच अल बर्शात, मेट्रोच्या बाजूला. हातात एक गुंडाळलेला नकाशा आणि फोटोंची पिशवी. मला वाटलं, कुठल्या तरी व्हिलाचं काम असेल.

"मला एक गाव हवंय," ती म्हणाली. "माझ्या वडलांचं. नेदर विकल. इंग्लंडच्या मध्यावर आहे, पण तुम्ही ऐकलं नसेल. इंग्लंडमध्येही कुणी ऐकलेलं नाही."

"भिंतीवर लावायला?"

"हात लावायला," ती म्हणाली. "त्यांना दिसत नाही."

वडील मिस्टर आर्थर पेल. नेदर विकलच्या चिमुकल्या शाळेचे मास्तर. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी पाढे आणि गावाचा इतिहास शिकवला. पुढे हळूहळू दृष्टी गेली, तेव्हा बायकोच्या डोळ्यांनी ते गाव बघत राहिले. मग बायको गेली आणि हेलनने त्यांना इथे आणलं, नवव्या मजल्यावर. "ते आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसतात," हेलन म्हणाली. "जेवण चिवडतात. विचारलं तर उत्तर देतात, बस. गावात घर भाड्याचं होतं, ते दुसऱ्या कुणाला गेलं. परत पाठवू तरी कुठे? मला ते गाव त्यांच्या हातात द्यायचंय, वर्षा. नाहीतर ते असेच बसल्या जागी संपतील."

मी जन्मभर काचेखालचं काम केलं होतं. हात लावायचं मॉडेल म्हणजे आमच्या सगळ्या विद्येचं उलटं टोक. आमचं ऍक्रिलिक बोटाने दाबलं की तुटतं. दिवे, रंग, सावल्या, सगळं निकामी. मी हो म्हणाले, कारण मला ते येत नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे. प्रकाश याला खाज म्हणतो.

घरं काड्यापेटीएवढी ठरली, म्हणजे बोटांनी पुरती चाचपता येतील. भिंती लाकडाच्या, त्यावर शारजाच्या पलीकडून आणलेली बारीक वाळू, म्हणजे दगड लागावा. नेदर विकलच्या जुन्या घरांना गवताची छपरं. गवत काही केल्या जमेना. कागद, ब्रशचे केस, सगळं करून झालं. शेवटी बिजू सुट्टीवरून येताना काथ्या घेऊन आला. "मॅडम, इंग्लंड का छप्पर कोल्लम में मिला," असं त्याने जाहीर केलं, आणि ते छप्पर इतकं बरोबर निघालं की रोवेना दिवसभर येताजाता त्यावरून बोट फिरवत होती. ओढ्यासाठी मी ऍल्युमिनियमची पट्टी बसवली. एसीच्या खोलीत धातू गार लागतो. पाणी दिसायचं नव्हतं, गार लागायचं होतं. ही युक्ती माझी आहे, आणि अंक इंग्लंडमध्ये कुणी वाचणार नसलं तरी ती माझी आहे हे इथे नोंदवून ठेवते.

गावही हळूहळू हाताखालून गेलं. गाव कसलं, एक वाकडी गल्ली. मधे तिकोनी हिरवळ, तिच्या काठावर बदकांचं तळं, एक विहीर, 'द प्लाऊ' नावाचा पब, मिस्टर पेल यांची शाळा, लोहाराचं घर जिथे आता लोहार नाही, पिठाची चक्की जिथे आता पीठ नाही. सरळ म्हणून एक भिंत नाही. मी दोनदा गल्ली सरळ केली आणि दोनदा हेलनने फोटो पाठवून ती वाकडी करून घेतली.

राहिलं चर्च. ते नकाशात गावापासून भलतंच लांब होतं, ओढ्यापलीकडे, एका मोठ्या रिकाम्या शेताच्या टोकाला. एकटंच. आजूबाजूला एक घर नाही. ते घ्यायचं तर टेबल जवळजवळ दुप्पट होणार.

बिजू टेप घेऊन हेलनच्या इमारतीत जाऊन आला. "मॅडम, इतना बडा लिफ्ट में नहीं जायेगा. खलास."

"मग?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "यल्ला खेचो."

देऊळ गावातच असायला हवं. चर्च म्हणजे त्यांचं देऊळच की. आम्ही ते उचललं, ओढ्याच्या अलीकडे आणलं आणि हिरवळीच्या कडेला शाळेसमोर बसवलं. रोवेनाने भोवती छान झाडं लावली. टेबल लिफ्टमध्ये गेलं. गाव पूर्वी होतं त्याहून देखणं झालं, असं माझं प्रामाणिक मत होतं. हेलन त्या आठवड्यात ड्यूटीवर अडकली होती, त्यामुळे तिनेही ते थेट घरीच पाहिलं.

मिस्टर पेल खुर्ची सरकवून टेबलापाशी आले. उंच, हाडकुळे, घरातसुद्धा टाय. त्यांनी बोटं ठेवली ती नेमकी विहिरीवर. मग गल्लीने निघाले. लोहाराच्या घरापाशी थांबले, छपरावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "गवत नवीन आहे." हेलनने माझा हात धरला. पबच्या दारावर त्यांनी टिचकी मारली. शाळेला दोन्ही हातांनी वेढा घातला आणि तसेच बसून राहिले. तळ्यावरून बोटं हिरवळीवर आली, पुढे सरकली, आणि चर्चच्या मनोऱ्यावर आपटली.

ते चाचपत राहिले. मनोरा, छप्पर, दार. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"हे काय आहे?"

"चर्च, बाबा," हेलन म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं की चूक तिच्या आत्ताच लक्षात आलीय.

"इथे?" त्यांनी हात काढून घेतले. "हे माझं गाव नाही. दहापैकी दोन मार्क. गवतासाठी."

आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळली.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी बिल पाठवून मोकळी झाले असते. पण माझा पारा चढला होता. इतकं राबून दोन मार्क? हेलन रडू आवरायला आत गेली तशी मी मिस्टर पेल यांच्यासमोर, भिंत आणि खुर्चीच्या मधल्या जागेत, जाऊन उभी राहिले. त्यांना दिसत नव्हतं, पण कळलं असावं.

"सर," मी म्हणाले, "आमच्याकडे मास्तर चूक काढतात तेव्हा ती समजावूनही सांगतात. चर्च गावाबाहेर का आहे?"

त्यांची मान माझ्या आवाजाकडे वळली. मग मास्तर जागे झाले.

"चर्च गावाबाहेर नाही," ते म्हणाले. "गाव चर्चबाहेर आहे. पहिलं गाव चर्चभोवतीच होतं. मग ते गेलं. पोरं सांगतात प्लेगने गेलं. पबमध्येही प्लेगच सांगतात. प्लेगला कुणी जबाबदार नसतं ना. मी शाळेत खरं सांगायचो. जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या. माणसांपेक्षा मेंढ्यांच्या लोकरीत फायदा जास्त. त्याने घरं पाडली आणि लोकांना ओढ्यापलीकडे हाकललं. चर्च पाडायची मात्र छाती झाली नाही. लोकांनी इकडे विहीर खणली, झोपड्या बांधल्या, त्याचं हे गाव झालं. नवीन चर्च बांधा, असं पुढे कितीदा ठरलं. गावाने बांधलं नाही. पिढ्यानपिढ्या ते शेत तुडवत जुन्याच चर्चला जातात, पावसात, बर्फात. आमच्या गावात फार काही नाही, बाई. आमच्याकडे हट्ट आहे. आणि तो हट्ट म्हणजे ते शेत. ते तुम्ही कापून टाकलंत."

"तिथे काहीच नव्हतं," मी म्हणाले.

"तिथे सगळं आहे. जमीन सपाट नाही तिथली. जुन्या घरांचे उंचवटे आहेत, जुन्या गल्लीची खाच आहे. उन्हं कलली की सावल्या पडतात आणि पाडलेलं गाव दिसतं. मी दरवर्षी पोरांना तिथे नेऊन त्या खाचेत उभं करायचो. आणि पायवाटेच्या मध्यावर दगड आहे. शवपेटी नेताना तिथे टेकवतात. खांदेकरी खांदा बदलतात, आणि प्रत्येक जण गेलेल्या माणसाबद्दल एक गोष्ट बोलतो. स्तुती नाही. खरी गोष्ट."

"आमच्याकडे त्याला विसावा म्हणतात," मी म्हणाले. "तिरडी उतरवतात, खांदे बदलतात. बोलत मात्र नाहीत."

"वि-सा-वा," त्यांनी अक्षरं सुटी करून म्हणून पाहिली. मग फार हळू म्हणाले, "एडिथला, माझ्या बायकोला, नेलं तेव्हा त्या दगडापाशी माझी पाळी आली. मी जन्मभर बोलून पोट भरलं, आणि तिथे तोंडातून शब्द निघाला नाही. लोक थांबले. मग पेटी उचलून पुढे गेले. ते माझं राहून गेलं. मला वाटलं होतं, आज या टेबलावर तरी तिथवर जाईन."

मी "दुरुस्ती करून आणते" इतकंच म्हणाले आणि चपला घातल्या.

शेडमध्ये मी सांगितलं, चर्च परत जायचं. बिजूने कपाळावर हात मारला. "और लिफ्ट?" मी म्हणाले, दोन टेबलं करू, वरती नेऊन जोडू. एकावर गाव, दुसऱ्यावर शेत आणि टोकाला चर्च.

"मॅडम, दूसरा टेबल तो खाली है," बिजू म्हणाला. "खाली टेबल कौन बनाता है?"

प्रश्न रास्त होता. आमच्या धंद्यात रिकामी जागा दिसली की खजुराची झाडं लावतात. पण त्या भागाची जमीन आकाशातून बारीक मोजलेली असते आणि ते मोजमाप इंटरनेटवर कुणालाही मिळतं. मी ते उतरवून घेतलं. स्क्रीनवर सावली पाडून पाहिली आणि खरंच, रिकाम्या शेतातून चौकोन वर आले. घरं, परसं, मधून गेलेली गल्ली. मी बिजूला हाक मारली. तो वाकून बघत राहिला आणि नेहमीसारखा विनोद न करता मशीन साफ करायला गेला.

मशीनने शेत कोरलं. उंचवटे तांदळाच्या दाण्याच्या जाडीचेही नव्हते. रोवेना आली, बघून म्हणाली, "मॅम, इट्स फ्लॅट. मशीन प्रॉब्लेम?"

"डोळे मीट," मी सांगितलं, आणि तिचा हात लाकडावर ठेवला.

तिची बोटं एकदा फिरली, पुन्हा फिरली, मग एका जागी थबकली. "समबडीज हाऊस," ती पुटपुटली. तिचं गाव वादळात वाहून गेलं होतं, हे मला ठाऊक होतं. तिने त्या शेतावर गवत असं दिलं की खालचा एकही उंचवटा बुजला नाही. नुसता हिरवा रंग, त्यात चिमूटभर वाळू. आणि पायवाट म्हणून बोटाच्या टोकाला जेमतेम कळेल अशी एक ओळ. मध्यावर दगड. तो मी माझ्या हाताने घासला. सगळ्या कारकिर्दीत मी केलेली सर्वांत लहान वस्तू ती आणि सर्वांत जास्त वेळ तिलाच लागला. टॉवर कुणीही करेल. काहीच नसलेलं शेत करून दाखवा, असं माझं आव्हान आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही तिघंही गेलो. टेबलं जोडली. मिस्टर पेल यांनी आधी हिरवळीच्या कडेची, आम्ही चर्च बसवलं होतं ती जागा तपासली. मोकळी. मग शाळेपासून निघाले, तर्जनी आणि मधलं बोट, पावलांसारखी, एकामागून एक. ओढ्याच्या गार पट्टीवर क्षणभर थांबले आणि पलीकडे गेले. शेतात शिरले. उंचवट्यांवरून तळवा फिरवताना त्यांचे ओठ हलत होते. पोरांना शिकवत असावेत. पुन्हा वाटेवर आले, चालत राहिले आणि दगडापाशी पोचले.



"ती दरवर्षी मुरंबा करपवायची," मिस्टर पेल म्हणाले. "दरवर्षी. आणि मी दरवर्षी तो खाल्ला."

हेलन खाली जमिनीवरच बसली. बिजूने तोंड खिडकीकडे केलं. त्याला इंग्रजी कळत नाही असं तो सांगतो, ते खोटं आहे. मिस्टर पेल यांची बोटं दगडावरून उठली, उरलेलं शेत ओलांडून चर्चच्या दाराशी गेली आणि तिथे टेकली. मग त्यांनी विचारलं, "वर्षा आहे का?"

"आहे, सर."

"नऊ."

"एक कुठे गेला?" मी विचारलं. मला ते विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"दहा दिले की मुलं काम थांबवतात," ते म्हणाले.

त्यानंतर मिस्टर पेल यांची खुर्ची भिंतीकडे वळली नाही. ते रोज न्याहारीनंतर शेतातून जायचे आणि दगडापाशी एडिथबद्दल एक खरी गोष्ट सांगायचे. हेलन सांगायची, बाबा जेवायला लागले, भांडायला लागले, इमारतीतली लहान मुलं टेबलापाशी येतात आणि बाबा त्यांना मेंढ्यांचा इतिहास शिकवतात. मीही अधूनमधून जायची, कधी बिजू आणि रोवेनाही यायचे आणि चहा बिजूच करायचा. एकदा त्यांनी विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" मी म्हणाले, मला गाव नाही, वसाहत आहे, इमारतींना नंबर आहेत. ते म्हणाले, "मग नंबर सांगा." मी सांगितला, आणि पुढचा तासभर आमच्या जिन्याविषयी, पाण्याच्या टाकीविषयी आणि शेजारच्या बाईंच्या भांडणाविषयी बोलत राहिले. इतकी वर्षं मला ते कुणी विचारलंच नव्हतं.

मी निवृत्त होण्याच्या थोडं आधी मिस्टर पेल गेले. झोपेतच. हेलनने त्यांना नेदर विकलला नेलं आणि त्या शेतातून, त्या वाटेने, एडिथच्या शेजारी पोचवलं. परत आल्यावर तिने मला फोन केला. दगडापाशी ती काय बोलली ते तिने सांगितलं. "त्यांना दुबई कधीच आवडली नाही, आणि ते माझ्यासाठी राहिले." शाळा आता बंद झाली आहे, पण इमारत गावाने ठेवली आहे. मॉडेल तिथे ठेवायचं, काचेशिवाय, असं गावाने ठरवलं होतं. पाठवण्याआधी जरा नीटनेटकं करून द्याल का, असं तिने विचारलं.

टेबलं शेडवर आली. माझं शेडमधलं ते शेवटचं काम. काथ्या एके ठिकाणी सुटला होता, पबचं दार टिचक्यांनी सैल झालं होतं. तेवढं केलं. रोवेना हिरवा रंग कालवून शेतापाशी आली आणि उभी राहिली. आम्ही दिलेली ओळ राहिलीच नव्हती. तिच्या जागी खरी पायवाट होती. शाळेपासून चर्चपर्यंत रंग झिजून खालचं लाकूड उघडं पडलं होतं, बोटभर रुंद, गुळगुळीत. दगडाच्या कडाही गोल झाल्या होत्या.

"मॅम, टच-अप?"

"नको," मी म्हणाले. "ती वाट आपण केलेली नाही."

ट्रक बाहेर उभा होता. शेताचं टेबल आम्ही तिघांनी आणि ड्रायव्हरने उचललं. तसं जड होतं. दारापर्यंतच्या अर्ध्या वाटेवर बिजू अचानक म्हणाला, "मॅडम, रुको. कंधा बदलो." आम्ही टेबल दोन स्टुलांवर टेकवलं. ड्रायव्हर आमच्याकडे बघत राहिला.

"ही नेव्हर सॉ माय ग्रीन, मॅम," रोवेना म्हणाली, "बट ही आस्क्ड मी विच ग्रीन."

बिजूने नाक पुसलं. "बुड्ढे को मेरी चाय पसंद नहीं थी. फिर भी दो कप पीता था."

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. पाळी माझी होती. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि त्यातलं अर्धं नुसती स्तुती झाली असती.

"त्यांनी माझा एक मार्क कापला," मी म्हणाले.

आम्ही खांदा बदलला आणि टेबल उचललं.